रुक्मिणीअक्कांची सही

सकाळी पावणेनऊला रुक्मिणीअक्का इन्स्पेक्शन रूमच्या दारात चपला काढायच्या, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायच्या, सुती फडक्याने एकेक बोट कोरडं करायच्या आणि मग टेबलाच्या लोखंडी कडेवर दोन्ही तळवे टेकून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. दोन मिनिटं, कधी तीन. एसीची घरघर तेवढी चालू असायची. मी नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात हे बघून दाराबाहेरच थांबायची. कुणाच्या पूजेत आपण मध्ये घुसू नये, एवढं आईने शिकवलेलं होतं.

चौथ्या दिवशी धीर करून विचारलं, "अक्का, तुम्ही कुठल्या देवाचं करता?"

त्यांनी डोळे उघडले. "देवाचं? मी ट्रेनने आले ग. हात तापलेत. तापल्या हातात पोलाद धरलं तर ते फुगतं, माप चुकतं. हात गार व्हायची वाट बघते."

"मग डोळे कशाला मिटता?"

"ते मात्र ठावूक नाही," म्हणाल्या. "बरं वाटतं."

मी सांगलीची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. नवऱ्याची नोकरी पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून चेन्नईला आले आणि सहा महिने घरात बसून कंटाळल्यावर गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून लागले. दवाखान्यात खाटेशेजारी ऑक्सिजन कमी-जास्त करायची चावी असते ना, तिच्या आतले पितळी भाग आम्ही बनवायचो. बोटाच्या पेराएवढे. लेथवर तयार झालेला प्रत्येक नग अक्कांच्या खोलीतून पास होऊन जायचा. त्या खोलीच्या त्या प्रमुख होत्या, आणि तिथे त्यांचा शब्द शेवटचा होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं आणि मी "वंदना" म्हणताच मराठीत म्हणाल्या, "बैस." तिथे, त्या मशीनच्या आवाजात मराठी ऐकून मला गहिवरून आलं. त्यांचं घराणं तंजावूरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. त्यांचं मराठी जुनं होतं, तमिळच्या चालीत वरखाली होणारं. 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'पुरे'च्या जागी 'पोदुम'. सुरुवातीला मला निम्मं समजायचं आणि माझं त्यांना निम्मं. इथे मी त्यांचं बोलणं थोडं आपल्या वळणावर आणून लिहिते आहे, कारण तो सूर मला कागदावर उतरवता येत नाही.

त्यांचं एक वाक्य मात्र जसंच्या तसं लिहिता येतं. कुणीही काहीही ठामपणे सांगितलं की त्या विचारायच्या, "मोजलंस, की वाटलं?" नग जाड वाटतोय, आज उकाडा जास्त आहे, नवा मॅनेजर वाईट आहे, सगळ्याला हाच प्रश्न. 'वाटलं' असं उत्तर दिलं तर त्या रागवायच्या नाहीत. "सरी. वाटलं म्हणून लिही मग," म्हणायच्या. वाटणं आणि मोजणं एकाच रकान्यात लिहिलेलं त्यांना खपत नसे.

त्या देव मानत नाहीत हे मला कळलं ते सेल्वमकडून. सेल्वम आमचा सगळ्यात चांगला लेथ ऑपरेटर. त्याचे वडील देव नाकारणाऱ्या चळवळीतले, काळा शर्ट घालून सभांना जाणारे, त्यामुळे नास्तिकपणा त्याला घरातूनच मिळालेला. जेवणाच्या सुट्टीत कुणी कपाळाला विभूती लावून आलं की तो त्याला धारेवर धरायचा. "अक्का आपल्यातल्याच आहेत," तो मला अभिमानाने म्हणाला.

अक्कांनी डब्यातून मान वर केली नाही. "मी तुझ्यातली नाही, सेल्वम. तू रोज देवळापुढे उभा राहतोस, आत कोण गेलं ते मोजायला. मी त्या रस्त्याने जातच नाही."

सगळे हसले. सेल्वमसुद्धा. पण त्याला ते लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्याने विभूतीचा विषय काढला नाही.

मी म्हणाले, "मीही नास्तिकच आहे." तोवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून पडून अकरा दिवस दवाखान्यात होता. त्या अकरा दिवसांत आईने अन्नाचा कण घेतला नव्हता आणि मी गणपतीपुढची समई विझू दिली नव्हती. बारावा दिवस आला तो त्याच्याशिवाय. मी समई घासून, पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली. लग्नात आईने ती बरोबर दिली, तर पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्येही ती माळ्यावरच गेली.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. डबा बंद केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू नास्तिक नाहीस ग. तू रुसलीस. जो नाही त्याच्यावर कुणी इतकी वर्षं रुसत नाही."

मला राग आला. "म्हणजे मी परत पूजा करू?"

"मी कुठे तसं म्हटलं? रुसायचं असेल तर रूस. तुझा भाऊ गेला, तुला हक्क आहे. फक्त त्याला रुसवा म्हण."

भावाबद्दल माझ्याशी आजवर इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. नातेवाइकांनी कर्म सांगितलं होतं, मैत्रिणींनी काळ हे औषध. या बाईने मला माझ्या दुःखाचं खरं नाव सांगितलं आणि पुढे काय करायचं ते माझ्यावर सोडलं.

त्यांचे यजमान रामचंद्रराव मात्र अतिशय भाविक होते. घरी देवघर, सकाळी दीड तास पूजा. अक्का त्यांच्यासाठी फुलं आणायच्या, नैवेद्य रांधायच्या आणि स्वतः देवघराच्या उंबऱ्याबाहेर वर्तमानपत्र वाचत बसायच्या. चाळीस वर्षं हे असं चाललं होतं. त्यांच्यात यावरून भांडण झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्या उन्हाळ्यात रामचंद्ररावांची किडनी गेली. दोन महिने अक्का दवाखान्यातून कामाला आणि कामावरून दवाखान्यात जात होत्या. ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अक्कांनी तेराही दिवसांचं सगळं करवून घेतलं, गुरुजींनी सांगितलं तसं, एक विधीही न गाळता.

सेल्वम भेटायला गेला होता. परत आल्यावर चिडलेला होता. "सगळं आयुष्य मानलं नाही आणि शेवटी ब्राह्मण बोलावले," तो माझ्यापाशी बोलला आणि नंतर अक्कांपाशीही बोलला.

"मेले ते," अक्का म्हणाल्या, "मी नाही. त्यांचं जाणं त्यांच्या रीतीने. माझी वेळ येईल तेव्हा माझ्या रीतीने कर, तुलाच सांगून ठेवते."

त्यानंतर दोन महिन्यांनी आयुधपूजा आली. आपल्याकडच्या खंडेनवमीसारखीच, पण गिंडीत तिचा थाट वेगळा. लेथ धुऊन पुसून त्यांना चंदनाचे टिळे लावतात, केळीचे खांब बांधतात, दारात कोहळा फोडतात. आमचे मालक नटराजन सार, तिकडे 'सर'चं 'सार' होतं, श्रद्धाळू गृहस्थ. त्यांची इच्छा असायची की मापाच्या साधनांनाही कुंकू लागावं. अक्का लावू द्यायच्या नाहीत, कुंकवाचे कण पोलादाला ओरखडे पाडतात म्हणून. शेवटी फार पूर्वी दोघांत तडजोड झाली होती, कुंकू पेटीच्या झाकणाला लागायचं. पूजेच्या आदल्या दिवशी अक्का एकेक साधन बाहेर काढून पुसायच्या आणि पुसता पुसता प्रत्येकाची तपासणी करायच्या. त्यांची आयुधपूजा ती.

त्या दुपारी आम्ही दोघीच खोलीत होतो. त्यांनी एक गेज उचलली. गेज म्हणजे पोलादाची अगदी नेमक्या जाडीची कांडी. पितळी नगाच्या भोकात ती गेली तर भोक पुरेसं मोठं आहे असं समजायचं. अक्कांनी तिचं माप घेतलं. पुन्हा घेतलं. मला घ्यायला सांगितलं. कांडी झिजली होती. आपल्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतकीच, पण झिजलेली कांडी लहान भोकातही जाते. म्हणजे जे नग नापास व्हायला हवे होते, त्यांतले काही पास होऊन दवाखान्यांच्या वाटेला लागले होते. तिथे ती चावी घट्ट होऊन अडकू शकली असती.

अक्कांनी तपासणीचं रजिस्टर काढलं. त्या गेजची शेवटची तपासणी ऑगस्टमधली. पुढे त्यांची सही. त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या.

"ही मी न मोजता केली," त्या म्हणाल्या. "हे गेले त्याच्या आदल्या दिवशी. घाई होती. नेहमी बरोबर असते, म्हणून सही करून निघाले."

त्या उठल्या आणि रजिस्टर घेऊन सारांच्या केबिनकडे गेल्या. मी मागोमाग. केबिनमध्ये उद्याच्या पूजेची फुलं, नारळ, पुऱ्यांचे डबे मांडून ठेवलेले. अक्कांनी सगळं उभ्यानेच सांगितलं, माल परत मागवावा लागेल हेही.

नटराजन सार वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते. "अम्मा, दोन महिने झाले. एकही तक्रार नाही. देवाच्या कृपेने कुणाला काही झालेलं नाही. गेज बदला, इथून पुढे नीट करू. हे आपल्या तिघांखेरीज कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही," अक्का म्हणाल्या. "तुमचा देव बघतो असं तुम्ही मानता, तर तो काय करायचं ते करील, असं तुम्हाला म्हणता येतं. मला येत नाही, सार. माझ्या लेखी वर कुणी बघत नाही. म्हणून मलाच बघावं लागतं."

मग, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "सार, मला ती गेज सैल वाटत होती. तीन आठवड्यांपासून."

अक्का वळल्या. "मला का नाही सांगितलंस?"

"तुमची सही होती, अक्का. तुम्ही सही केलीत म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं."

त्यांचा चेहरा उतरला. स्वतःची चूक सांगताना तो उतरला नव्हता, तो आता उतरला. "म्हणजे तू मला देव केलंस," त्या म्हणाल्या. "तसं करू नकोस. कुणालाच करू नकोस."

शेवटी सारांनी चष्मा काढून ठेवला आणि ज्या कंपनीला आम्ही माल देत होतो तिच्या मॅनेजरला आमच्यासमोर फोन लावला.

माल परत आला. खोके भरभरून. दिवाळीच्या आठवड्यात सुट्ट्या रद्द करून आम्ही एकेक नग पुन्हा तपासला. काही खरोखर घट्ट निघाले. एकही अजून खाटेपर्यंत पोचला नव्हता, हे नशीब म्हणा किंवा काहीही म्हणा. सेल्वमचं गावी जायचं तिकीट वाया गेलं. तो तीन दिवस अक्कांशी बोलला नाही. "कुणी विचारलं होतं यांना?" असं तो सगळ्यांना सांगत सुटला. चौथ्या दिवशी ते घट्ट नग त्याने स्वतःच्या हाताने चावीत बसवून फिरवून बघितले. एक मध्येच अडकला. तो नग खिशात घालून तो अक्कांच्या खोलीत गेला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "माझी आई मागच्या वर्षी ऑक्सिजनवर होती." एवढंच बोलून तो लेथवर परत गेला.

डिसेंबरमध्ये चेन्नईत गाण्याचा मोसम सुरू होतो. एका रविवारी अक्का मला दुपारच्या मैफलीला घेऊन गेल्या. दुपारच्या मैफलींना तिकीट नसतं, नवे गायक गातात. एका मुलीने रामावरची एक रचना गायली, अगदी सावकाश. मला भाषाही कळत नव्हती. शेजारी बघितलं तर अक्कांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसत नव्हत्या.

बाहेर कॅन्टीनमध्ये कॉफी पिताना मी विचारलं, "अक्का, देव न मानणारा माणूस आध्यात्मिक असू शकतो का?"

"कशाने मोजणार ते आधी सांग," त्या हसून म्हणाल्या. मग पेल्यातली कॉफी वाटीत ओतत, पुन्हा पेल्यात ओतत विचार करत राहिल्या. "मला एवढंच ठावूक. ती गात होती तेव्हा रुक्मिणी म्हणून जी दिवसभर कुरकुर करते, गुडघे दुखतात म्हणते, यजमान गेले म्हणून रडते, ती तिथे नव्हती. गाणं संपलं आणि परत आली. ज्याने ते रचलं त्याला राम लागला असेल. मला ऐकायला लागला नाही. तू त्याला अध्यात्म म्हण. तो शब्द माझ्या अंगाला ढगळ होतो, पण तू शिवून दिलास तर घालीन."

"आणि नवरा गेल्यावर? कशाचाच आधार वाटला नाही?"

"वाटला की. तुम्ही सगळे होता. सेल्वम मला शिव्या घालायला का होईना, आला. चाळीस वर्षं एका माणसाबरोबर काढली, ती झाली ती कुणी परत घेऊ शकत नाही. आणखी कशाचा आधार पाहिजे? ते कुठेतरी आहेत असं मानलं असतं तर बरं वाटलं असतं, हे कबूल करते. पण बरं वाटतं म्हणून सही करायची का?"

पुढची चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्या काळात मला त्यांनी फारसं काही 'शिकवलं' नाही. फक्त माझी प्रत्येक सही त्या वाचायच्या. सारांनी त्या प्रकरणानंतर काही महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. नंतर मात्र कोणी मोठा ग्राहक आला की ते त्याला आधी अक्कांच्या खोलीत घेऊन यायचे आणि ती हकिकत स्वतः सांगायचे, आपलं त्या दिवशीचं बोलणं न लपवता. 'देवाच्या कृपेने' हे शब्दही न वगळता.

मग अक्कांच्या डोळ्यांचं सुरू झालं. मोतीबिंदू काढला, पण आत पडद्यालाच काहीतरी होतं. माप घ्यायची यंत्रं आकडे मोठे दाखवतात, त्याचा प्रश्न नव्हता. पण पितळी नगाच्या आतला केसासारखा ओरखडा भिंगाखाली डोळ्यांनीच शोधावा लागतो. एका सोमवारी त्या मला म्हणाल्या, "माझी परीक्षा घे. नव्या इन्स्पेक्टरची घेतो तशी."

ती परीक्षा त्यांनीच ठरवलेली होती. वीस नग, काही चांगले, काही ओरखडा असलेले, तीन वेळा वेगवेगळ्या क्रमाने द्यायचे. कुठला कसा आहे हे फक्त परीक्षा घेणाऱ्याला माहीत. एक चूक माफ. दोन झाल्या तर माणूस या कामाला अपात्र. मी नग द्यायला लागले. त्या भिंग लावून, सावकाश, एकेक सांगत गेल्या. पहिल्या फेरीत सगळे बरोबर. दुसऱ्या फेरीत एक चुकला. तिसऱ्या फेरीत सतरावा नग त्यांनी बराच वेळ फिरवला आणि म्हणाल्या, "चांगला."

तो चांगला नव्हता. ओरखडा होता, पण इतका बारीक, की मी स्वतः तो निवडताना दोनदा बघितला होता. माझं पेन थांबलं. इतकी वर्षं जिच्या हाताखाली शिकले त्या बाईला या एका केसाने बाहेर काढायचं, आणि तेही मी? हा नग यादीत धरायलाच नको होता, असं मी स्वतःला समजावायला लागले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"हा जरा सीमेवरचा आहे, अक्का."

"माझ्याकडे बघू नकोस. नगाकडे बघ. ओरखडा आहे की नाही?"

मी भिंगातून बघितलं. "आहे."

"मग लिही."

मी लिहिलं. त्यांनी कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचला आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'या कामास अपात्र' लिहून खाली सही केली. मग पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली. त्या माझ्याकडे बघून हसल्या, मोकळं, तृप्त हसू. "पोदुम," म्हणाल्या. "आता मला काळजी नाही." महिनाअखेरीस त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी सेल्वमने त्यांची पिशवी स्टेशनपर्यंत नेली.

आता त्या पश्चिम मांबलमला भाचीकडे राहतात. दिसतं अंधूक, ऐकू स्वच्छ येतं. मी महिन्यातून एकदा जाते. त्यांची खोली आता माझ्याकडे आहे.

मागच्या महिन्यात एका परदेशी ग्राहकाचा ऑडिटर आला होता. तरुण, तमिळ, फार बारीक बघणारा. इन्स्पेक्टरांच्या परीक्षांची फाइल चाळता चाळता तो एका कागदावर थांबला. मागे गेला, पुढे आला, तारखा बघितल्या.

"या बाई या विभागाच्या प्रमुख होत्या ना? यांना अपात्र कुणी ठरवलं?"

"त्यांनीच."

"स्वतःला?" त्याने कागद उजेडात धरला. "आणि ही दुसरी सही कुणाची?"

माझ्या घरात कुणी मोठं पद भूषवलेलं नाही, मला कधी बक्षीस मिळालेलं नाही, आणि स्वतःबद्दल चार माणसांत बोलायची मला सवय नाही. पण त्या क्षणी मी खुर्चीत सरळ झाले.

"माझी," मी म्हणाले.